शनिवारचा तास, सर्वानुमते

शिक्षकाच्या पिशवीत तपासायच्या वह्या असतात असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे निम्मी पिशवी किश्शांनीच भरलेली असते. एक काढायला जावं तर त्याच्या मागून चार बाहेर पडतात आणि सांगणारीची भाजी करपते! माझी बऱ्याचदा करपली आहे.

उदगीरपासून एसटीने अर्ध्या तासावर एक गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. नववीपासून पुस्तकावर 'राज्यशास्त्र' असं भारदस्त नाव आलंय, पण आमच्या स्टाफरूममध्ये ते अजून नागरिकशास्त्रच. म्हणजे इतिहासाच्या पेपराला लावलेलं शेपूट! आठवड्याला एक तास, तोही शनिवारी सकाळच्या शाळेचा शेवटचा. पोरांचं अर्धं लक्ष दप्तराच्या बंदात.

गणिताचे सय्यद सर एकदा घाईघाईने विचारायला आले, "मॅडम, शनिवारी तुमचा शेवटचा तास रिकामा आहे ना?"

"रिकामा कुठला? नागरिकशास्त्र आहे."

"हां, तेच विचारून राहिलो!"

माणूस सोन्यासारखा, पण गणितापुढे त्यांना काही दिसत नाही. मी हसले आणि तास दिला. पुढच्या शनिवारी पुन्हा दिला. मग यंदा आमचे मुख्याध्यापक बिरादार सर म्हणाले, "मॅडम, दिवाळीनंतर हा तास कायमचाच गणिताला देऊ. शाळेच्या समितीचा ठराव घेऊन टाकू. तुमचा अभ्यासक्रम काय, पोरं घरी वाचतील."

मी म्हटलं, "सर, विषय महत्त्वाचा आहे."

"असेल. पण रिझल्ट काय त्याचा? गणिताचा मला दिसतो. तुमचा दाखवा!"

सगळीच पोरं पास होतात, त्याला काय रिझल्ट म्हणणार? घरी येताना एसटीत बसून मी काय काय आठवत होते, तेच इथे सांगते.

* * *

पहिला नंबर बालाजीचा. नववीत मी मॉनिटरची निवडणूक घेतली. गुप्त मतदान, खोक्याची मतपेटी, शाईऐवजी स्केचपेन. उमेदवार तीन. प्रत्येकाने आपला जाहीरनामा वर्गात भिंतीला चिकटवायचा.

बालाजीचा जाहीरनामा एका ओळीचा: 'मला निवडा, रोज खेळाचा तास!' सारिका नावाच्या शांत मुलीने लिहिलं होतं, 'पाण्याच्या टाकीपाशी रांग लावीन. मॅडम वर्गात नसताना बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणार नाही, आधी एकदा समजावून सांगीन.'

मतमोजणी झाली. सारिका दणक्यात निवडून आली. बालाजीला शून्य!

पोरं टेबलं बडवायला लागली. मला त्याचं वाईट वाटलं. तास संपल्यावर बाजूला घेऊन विचारलं, "अरे, शून्य कसं? तू स्वतःला तरी दिलं असशील ना?"

"न्हाई मॅडम. सारिकाला दिलं."

"का रे?"

"दोन्ही कागद वाचले की. रोज खेळाचा तास देणं माझ्या हातात हाय का? तिचं जमण्यासारखं होतं."

पंधरा वर्षं मी 'सुजाण मतदार' हा शब्द फळ्यावर लिहीत आले. तो हाफ बाहीच्या शर्टात समोर उभा राहील असं मला वाटलं नव्हतं.

* * *

बालाजीची आई गंगाबाई. उदगीरच्या दाळमिलमध्ये कामाला जाते. शाळेच्या समितीत पालक सभासद आहे, पण शाळेत कधी आली नव्हती. एका शनिवारी तरातरा आली.

"मॅडम, तुमी पोराला काय शिकवून राहिल्या?"

मी हातातली वही मिटली. म्हटलं, "काय झालं?"

"सांच्याला कालवण कोणचं करायचं, यावर हात वर करायला लावतंय! वांग्याला एकच हात, माझा. बटाट्याला तीन!"

"मग काय केलंत?"

"काय करणार? म्या सांगितलं, चुलीपाशी राष्ट्रपती राजवट हाय!"

मी खुर्चीत मागे रेलून हसले. हा शब्द बाईंना कुठून मिळाला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, पोरगं मोठ्यानं वाचतंय, भाकरी थापताना कानावर पडतंय. मिलमध्ये सुट्टीत बायांना तेच सांगते. मला वाटत होतं माझा तास पस्तीस मिनिटांचा आहे!

* * *

आता इमरानचं सांगते. हा माझा जुना विद्यार्थी. उदगीरात त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानावर हाताने लिहिलेली पाटी: 'अठरा पूर्ण? आत या.' कॉलेजची पोरं आत गेली की हा त्यांचा मतदार नोंदणीचा अर्ज भरून घेतो.

मी आधारची प्रत काढायला गेले होते. मला बघून तो उठला, स्टूल दिलं, चहा मागवला. मग अगदी सहज म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव इथल्या यादीत दिसलं न्हाई."

काय सांगू! मी मूळची नांदेडची. बदली होऊन उदगीरला आले, घर केलं, गॅस कनेक्शन हलवलं, मतदार यादीतलं नाव मात्र नांदेडलाच राहिलं. दोन निवडणुका अशाच गेल्या. आणि 'मतदान हे पवित्र कर्तव्य' यावर दरवर्षी निबंध कोण घेतं? मीच!

"राहूनच गेलं रे," मी पुटपुटले.

त्याने अर्ज काढला, भरला आणि माझ्यापुढे सरकवला. मी पर्समधून पेन काढून सही करायला वाकले, तर त्याने अर्जावर हात ठेवला.

"वाचा आधी. न वाचता कुठंच सही करायची न्हाई असं तुमीच सांगायच्या."

चहा गार होईपर्यंत मी तो अर्ज वाचला. आपल्याच विद्यार्थ्यासमोर मान खाली घालून वाचताना मला लाज वाटली, आणि खरं सांगते, त्याच्या दुप्पट अभिमान वाटला.

* * *

ग्रामसभेचा किस्सा तर गावात अजून सांगतात. मी नववीला गृहपाठ दिला होता: 'आपल्या गावच्या ग्रामसभेला हजर राहा आणि काय झालं ते दहा ओळींत लिहा.' सगळ्यांनी गाइडमधून उतरवलं. सारिकाने आपलं लिहिलं.

'ग्रामसभा झाली. ती आमच्या ओसरीवर झाली. पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन आला. बाबांनी सही केली. शिपायाने चहा घेतला. सभा संपली. मग सभा शेजारच्या घरी गेली.'

मी दहापैकी दहा गुण दिले. वही घरी गेली, घरातून पारावर गेली, आणि तिसऱ्या दिवशी सरपंच शाळेत हजर! बदलीची ऑर्डर खिशात घेऊनच आलेत असं मला वाटलं.

"मॅडम, तो गृहपाठ तुमीच दिला का?"

"हो," मी म्हटलं.

"किती मार्क दिले?"

"पैकीच्या पैकी."

त्यांनी टोपी काढून हातात दोनदा फिरवली. मग ती डोक्यावर चढवली आणि गेले. पुढच्या ग्रामसभेच्या दिवशी नववीतली झाडून सगळी पोरं वह्या घेऊन मारुतीच्या मंडपात जाऊन बसली. आता पोरं बसलीत म्हटल्यावर बाप कसे घरी बसणार? मंडप भरला. शाळेच्या रस्त्यावरच्या नालीचा विषय निघाला, भांडण झालं, आणि नाली मंजूर झाली. संध्याकाळी सरपंचांचा फोन.

"मॅडम, पुढच्या टायमाला असला गृहपाठ द्यायच्या आधी कळवत जा. सतरंजी हंतरायला तरी येळ मिळंल!"

* * *

या सगळ्यात सय्यद सर काही बदलले नव्हते. एका शनिवारी त्यांनी ठरल्याप्रमाणे माझा तास घेतला. सुटल्यावर खडूने माखलेले स्टाफरूममध्ये आले ते खुर्चीत बसलेच.

"काय झालं सर?"

"शेकडेवारी घेत होतो. बालाजीने हात वर केला. म्हणे, सर, निम्म्याहून कमी मतं मिळूनही माणूस निवडून येतो, ते कसं? म्हटलं, दोन मिनिटांत सांगतो. फळ्यावर चार उमेदवार मांडले. मग सारिका म्हणाली, पाचवा उभा राहिला तर? मग कुणी म्हणालं, निम्मे लोक मतदानालाच आले न्हाई तर?"

"मग?"

"मग काय! घंटा झाली. मॅडम, मी तुमचा तास घ्यायला गेलो आणि तुम्ही माझाच घेतला!"

* * *

तरी दिवाळी झाली आणि ठरावाची वेळ आली. आता एक कबुली द्यायलाच हवी. आमच्या समितीची सभा होते, म्हणजे रजिस्टर फिरतं. इतिवृत्त आधी लिहायचं, मग शिपाई गफूरमामा ते घेऊन घरोघर जातात आणि जिथे बोट ठेवतील तिथे सभासद सही करतात. झाली सभा! वर्षानुवर्षं असंच चालतं, आणि अक्षर चांगलं म्हणून ते लिहायचं काम माझ्याकडे.

बिरादार सर म्हणाले, "मॅडम, तेवढा ठराव लिहून द्या."

मी लिहिला. स्वतःच्या हाताने, गोल गोल अक्षरात: 'सभेत चर्चा होऊन सर्वानुमते ठरले की, शनिवारचा नागरिकशास्त्राचा तास गणितास देण्यात यावा.' नोकरीत काय काय लिहावं लागतं! भांडायचं तर तेव्हाच होतं. मी भांडले नाही.

गुरुवारपर्यंत पाच सह्या झाल्या. शुक्रवारी मी नववीवर इतिहास शिकवत असताना गफूरमामा दारात आले. आमच्या समितीत दोन विद्यार्थीही असतात. त्यांना बसायचा आणि बोलायचा हक्क, मताचा नाही. यंदा त्यातली एक सारिका.

"सही कर गं बाई, इथं," मामांनी बोट ठेवलं.

सारिका उभी राहून वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून. ते रजिस्टर वाचलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मामा, ही सभा कवा झाली?"

"होऊनच राहिली की. तू सही केली की झाली!"

"मी गेले न्हाई कुठं."

"कुणीच जात न्हाई, बाई. आन् तसंबी तुला मत न्हाई. नुसती सही करायची."

"मत न्हाई ते माहीत हाय मामा. पण सही माझी हाय."

तिने रजिस्टरकडे पाहिलं, मग फळ्याकडे, मग माझ्याकडे.

"मॅडम, अक्षर तुमचं हाय."

"हो," मी म्हटलं. "माझंच आहे."

ती खाली बसली, पेनाचं टोपण काढलं, बोटाने दाखवलेल्या जागेवर एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली सही केली. गफूरमामांनी ती वाचली, कपाळ पुसलं आणि रजिस्टर बगलेत मारून पुढच्या सभासदाकडे, गंगाबाईंच्या घराकडे निघाले.

शनिवारी शेवटच्या तासाआधी मी स्टाफरूममध्ये गेले. बिरादार सर चष्मा हातात घेऊन खिडकीपाशी उभे होते. टेबलावर रजिस्टर उघडं. सय्यद सर गणिताला निघायच्या तयारीत होते, पण मला पाहताच त्यांनी हातातली खडूची पेटी माझ्यापुढे धरली.

"जा मॅडम. तुमचा तास आहे."

मला काही कळेना. मी टेबलाशी गेले. वर माझं सुरेख अक्षर, सर्वानुमते. त्याखाली पाच सह्या. मग सारिकाची ओळ: 'सभा झाली नाही. मी हजर नव्हते.'

आणि तिच्याखाली, आजवर फक्त बोट ठेवलेल्या जागी नाव काढणाऱ्या बाईने, एकेक अक्षर सुटं, पेन इतकं दाबून की मागच्या पानावर उमटावं:

'मी बी नव्हते. गंगाबाई.'