तेहेतीस फुटांची दोरी

हर्षलाचा मला पहिल्यापासून राग यायचा आणि ते तिला चांगलं माहीत होतं. छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. या गावातल्या निम्म्या बाप्यांना मी पाढे येत नाहीत म्हणून अंगठे धरून उभं केलंय. आणि ही शेजारच्या घरात काल आलेली बारावी पास सून मला भर रस्त्यात थांबवून सांगते, "बाई, मी पोरांना शाळेतून काढलं. आता घरीच शिकवते." घरी पापड लाटते म्हणावं, तितक्या सहज.

काढण्याचं कारण खरं होतं, ते मी नाकारत नाही. थोरली सुरभी खोपोलीत शिळफाट्याकडच्या एका इंग्रजी शाळेत पहिलीला होती. तिच्या तोंडून "नाय" गेलं की तिथल्या बाई तिला बाकावर उभं करायच्या. "हाय" गेलं की पुन्हा उभं. आता आमच्या गावात आजोबांपासून दुकानदारापर्यंत सगळे हाय-नायच बोलतात, पोरीने बोलायचं तरी काय? तिने आपला उपाय शोधला. तिने बोलणंच सोडलं. आधी शाळेत, मग घरातही. तीन महिने पोरगी नुसती मान हलवायची. हर्षला शाळेच्या ऑफिसात गेली, तिथे काय बोलली ते कुणी सांगत नाही, पण परत आली ती दाखला घेऊनच. धाकट्या देवेशलाही बालवाडीतून काढलं. गावातल्या शाळेत घाल म्हणावं तर माझ्या त्या शाळेला पट कमी म्हणून कुलूप लागून दोन वर्षं झाली होती. त्याचाही राग मला होताच. तो मी हर्षलावर काढत होते.

तिची पद्धत अशी की महिन्याला एकच विषय धरायचा. मुंगीचा महिना, पाण्याचा महिना, बाजाराचा महिना. त्या महिन्यात वाचायचं, मोजायचं, गाणं म्हणायचं, रांधायचं, सगळं त्याच विषयाभोवती. आणि महिना संपला की घरात त्याचा सण. मुंग्यांच्या सणाला तिने नवऱ्यालाही सोडलं नाही. ऋतिक रसायनीच्या कंपनीत पाळी करतो. तो बिचारा कंपनीचे कपडे न बदलता पोरांच्या मागे रांगेत वाकून अंगणभर फिरला आणि वारुळापाशी साखर ठेवून आला. मी माझ्या ओट्यावरून बघत होते. म्हटलं, एकीला वेड लागलं आणि घर तिच्या मागे निघालं.

पण पाण्याच्या महिन्यात सुरभी कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि चक्क बोलली. "बाई, तुमच्या विहिरीतलं पाणी आमच्या विहिरीत येतं का?" मला उत्तर माहीत नव्हतं. इतकी वर्षं भूगोल शिकवून माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, मोठ्यांना असले प्रश्न विचारू नयेत. पोरगी बोलायला लागली, याचा आनंद व्हायला हवा होता. मला झाला तो अपमान.

वैशाखात तिने रानाचा महिना काढला. रान म्हणजे त्यांचं भाताचं शेत. हर्षलाने काथ्याची तेहेतीस फुटांची दोरी आणली आणि दर तीन फुटांवर गाठ मारली. तेहेतीस बाय तेहेतीस म्हणजे एक गुंठा, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण दोरी घेऊन मोजतं कोण? ही दोघं भावंडं डोक्याला टॉवेल बांधून पंधरा दिवस त्या ढेकळांतून दोरी ओढत होती. येणारेजाणारे हसत होते. मीही हसले.

आता त्या रानाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हर्षलाचे सासरे जयवंताआबा. त्यांचं रान एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. आबांनी तोंडी वाटणी केली, दोन्ही मुलांना वीस-वीस, मध्ये बांध. थोरला योगेंद्र खोपोलीत राहतो आणि जमिनीच्या प्लॉटांचा धंदा करतो. दरवर्षी नांगरणीला त्याचा ट्रॅक्टर यायचा आणि बांध हर्षलाच्या बाजूला हातभर सरकायचा. याला आमच्याकडे बांध कोरणं म्हणतात. सगळ्यांना दिसतं, कुणी बोलत नाही. भावाभावांत काय बोलायचं, म्हणतात. ऋतिक तर वर मान करत नव्हता. कंपनीत वाफेचे वाल्व्ह फिरवणारा गडी, घरात भावासमोर त्याची वाफ कुठे जायची कोण जाणे.

त्याच योगेंद्रने आषाढात बापाचे कान भरले. पोरं अडाणी राहिली, लोक हसतात, आपल्या घराण्याची लाज गेली. आबांनी मग फर्मान काढलं: गणपतीला सगळा गोतावळा जमतो, तेव्हा पोरं काय शिकली ते सगळ्यांसमोर दाखवायचं. परीक्षा घ्यायला बाई येतील. पास झाली तर राहू देत घरी, नाहीतर गणपती गेले की शाळा. बाई म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. शाळेला कुलूप लागल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं.

चतुर्थीला मी मुद्दाम सकाळीच गेले. पोरांनी गणपतीपुढे देखावा केला होता, चिखलमातीचं आपलं रान. विहीर, आंबा, बांध, सगळं जागच्या जागी. शेतात काडेपेट्या चिकटवलेल्या, काही लाल रंगवलेल्या, काही निळ्या. बाजूला सुरभीच्या अक्षरात पाटी: "आमचं रान. एक काडेपेटी म्हणजे एक गुंठा. लाल आमचं, निळं काकांचं. आम्ही मोजलं." आणि त्याच फळीवर, मागच्या अंगाला, गणपती बसलेला.

लाल काडेपेट्या सतरा होत्या. निळ्या तेवीस.

दर्शनाला माणसं येत होती. हात जोडायची, प्रसाद घ्यायची, आणि मग नजर खाली जायची. ओठ हलायचे. मोजून झालं की माणूस चपला घालून निघायचा, आणि कोपऱ्यावर जाऊन दुसऱ्याला पाठवायचा. आमच्या गावात इतकं दर्शन कुठल्याच गणपतीला झालं नसेल. हर्षला दारात उभी राहून सगळ्यांना साखरखोबरं वाटत होती. मी तिला आत ओढलं आणि विचारलं, हे तुला माहीत होतं ना? ती म्हणाली, होतं. मग पोरांना का पुढे केलंस? तर म्हणते, मी कुठे केलं, आबांनीच सांगितलं होतं की काय शिकली ते दाखवा.

संध्याकाळच्या आरतीला योगेंद्र सहकुटुंब राहायला आला. त्यानेही मोजलं. मग मोठ्याने हसला आणि म्हणाला, चाळीसाचे दोन भाग करता येत नाहीत आणि म्हणे घरची शाळा. आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमी सांगा. पोरांचं बरोबर हाय का?"

मी सुरभीची वही मागितली. तिने आणून दिली. सगळ्या बाजू दोरीने मोजलेल्या, दोरी पुरी पडली नाही तिथे गाठी मोजलेल्या, वाकड्या कोपऱ्यांचे त्रिकोण पाडलेले. हे आम्ही कितवीत शिकवतो ते मला विचारा. आठ वर्षांच्या पोरीने केलं होतं. मी चष्मा सावरून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तपासलं. कुठेही चूक नव्हती. निरांजन पेटलेलं होतं, सगळे टाळ हातात धरून थांबलेले.

मी म्हणाले, "लहान आहेत. कुठेतरी चुकलं असेल."

सणासुदीला घर फुटू नये म्हणून बोलले, असं मी पुढे खूप जणांना सांगितलं. ते अर्धंच खरं. शाळेशिवाय पोरं शिकतात, हे मला माझ्या तोंडाने म्हणायचं नव्हतं.

सुरभी माझ्यासमोरच उभी होती. तिने वही परत घेतली नाही. "बाई, कुठं चुकलं?"

मी म्हणाले, आधी आरती होऊ दे.

योगेंद्रला तो देखावा त्याच क्षणी उचलायचा होता. पण एकदा बसवलेला गणपती विसर्जनाआधी हलवत नाहीत, आणि रान तर त्याच्याच फळीवर. मग त्याने निळ्या काडेपेट्यांवर टॉवेल टाकला. हर्षलाने तो काढून घडी करून त्याच्या हातात दिला. गौरीबरोबर गणपती जाईपर्यंत रोज हेच, तो झाकायचा आणि ती उघडायची. गौरीच्या जेवणाच्या पंगतीत आबांचा आवाज चढला. घरात राहून पोरं नको ते शिकली, म्हणाले, आणि बाईंनीच नापास केलंय. या शेवटच्या शब्दांपुढे हर्षलाचं काही चाललं नाही. पुढच्या सोमवारी दोघांना खोपोलीच्या त्याच शाळेच्या गाडीत बसवलं.

महिनाभर हर्षला माझ्याशी बोलली नाही. मग एकदा पिठाच्या गिरणीत गाठ पडली. चारचौघी होत्या. डबा खाली ठेवून तिने विचारलं, "बाई, खोटं बोलायला तुमाला कुठल्या शाळेत शिकवलं?"

मला संताप आला. घरी येऊन मी दोन दिवस तिला शिव्या घातल्या, एकटीच, भांडी घासताना. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की शिव्या तिला नाहीत. भात कापून झाल्यावर बांध उघडा पडला, तोही माझ्या दारातून रोज दिसायचा.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. आबा ओटीवर तंबाखू मळत होते, हर्षला तांदूळ निवडत होती. मी बसले नाही. उभ्यानेच, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं की वहीतलं मोजमाप बरोबर होतं, सतरा म्हणजे सतराच, आणि मी त्या दिवशी खोटं बोलले. आबांनी मान वर केली नाही. तंबाखू मळून कधीच झाली होती, तरी मळत राहिले.

हर्षला म्हणाली, "मला नका सांगू. जिची परीक्षा घेतलीत, तिला सांगा."

सुरभी आत जमिनीवर पालथी पडून अभ्यास करत होती. शाळेत ती पुन्हा बोलत नाही, हे मला कळलं होतं. तिथल्या बाई खूश आहेत म्हणे, मुलगी फार शहाणी आहे. वहीत एकच ओळ दहा वेळा लिहायला दिली होती, माझे गाव सुंदर आहे. सहा लिहून झाल्या होत्या. मी तिच्याशेजारी खाली बसले, गुडघे दुखतात तरी बसले, आणि म्हणाले, "सुरभी, तुझं कुठेच चुकलं नव्हतं."

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"मग त्या दिवशी मला का विचारलंस गं, कुठं चुकलं म्हणून?"

तिने पेन्सिल थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आम्ही पेपर तपासताना बघतो, तसं.

"तुमाला येतंय का ते बघत होते," ती म्हणाली, आणि सातवी ओळ लिहायला घेतली.