मोहाखालच्या हाका

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मैत्रिणीच्या माहेरी गेले होते. उजाडताच तिची वहिनी शेवंता मला मोहफुलं वेचायला जंगलात घेऊन गेली. पाच-सहा बायका वेगवेगळ्या झाडांखाली वाकून वेचत होत्या आणि मधूनमधून एकमेकींना नावाने हाका मारत होत्या. मला ते गाण्यासारखं गोड वाटलं.

"वाघ हाये इकडं," शेवंता म्हणाली. "मागच्या हंगामात माह्या जावेनं ओ देल्ली नाही."

"तरी येता?"

"झाडी आपलीच हाये बाई. कोठी जाचं?"

'आपला मुलूख' असं आपण किती सहज म्हणतो. इथे त्या शब्दासाठी रोज सकाळी जीव पणाला लागत होता.

तेवढ्यात कमलाच्या नावाची हाक गेली. उत्तर आलं नाही. दुसरी गेली. सगळ्याजणी वाकल्या तशाच थांबल्या. ओंजळीतली फुलं कुणी टोपलीत टाकेना. पाखरंही गप्प झाली होती.

मग नाल्यापलीकडून बारीक 'ओ' आली. कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. शेवंताने पुढची हाक मारली, आणि या वेळी नाव माझं होतं. माझी ओ निघेना, आणि सगळ्या पुन्हा थांबल्या.