आई लॅपटॉपच्या पलीकडे बसायची

नोकरी सुटल्यावर मी घरूनच भाषांतराची कामं घ्यायला लागले, तेव्हा आई माझ्याकडे फरीदाबादला येऊन वर्ष होत आलं होतं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे माझं बालपण दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. शाळा हिंदीत, खेळ हिंदीत, भांडणंसुद्धा हिंदीत. मराठी घरापुरती. निवृत्तीनंतर आईवडील साताऱ्याकडे गावी गेले, आणि वडील वारल्यावर मी आईला इकडे घेऊन आले. अशा मुलीनं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करायचं ठरवलं, ते आईच्याच भरवशावर.

काम देण्याआधी लोकांना माणूस बघायचा असतो. पंधरा-वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल. आधी काय केलंत, किती दिवसांत द्याल, असं विचारून झालं की कोणीतरी हटकून म्हणायचं, हे एवढं वाक्य मराठीत कसं म्हणाल? तिथे मी अडकायचे. तशी दोन कामं गेली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी बसते की समोर. त्यांना थोडीच दिसणार आहे."

तेव्हापासून ती लॅपटॉपच्या पलीकडे खुर्ची घेऊन बसायला लागली. हातात जाड स्केचपेन आणि जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं. कॉलच्या आधी केस विंचरायची, साडी बदलायची. तुला कोणी बघणार नाही म्हटलं तर म्हणायची, घरात माणसं येताहेत, अशी कशी बसू.

पहिलं मोठं काम तिच्यामुळेच मिळालं. रुग्णांसाठी प्रश्नावल्या तयार करणाऱ्या पुण्याच्या एक बाई होत्या. दुखणं कोणत्या प्रकारचं आहे हे सांगणारे इंग्रजीतले चार शब्द त्यांनी माझ्यासमोर ठेवले. मी 'तीव्र वेदना', 'मंद वेदना' अशी चाचपडत होते. आईनं कागद वर धरला. ठणका. ठसठस. चमक. कळ. आणि खाली बारीक अक्षरात, 'कळ येते नि जाते, ठणका राहतो.' मी ते जसंच्या तसं वाचलं. बाई म्हणाल्या, आमच्याकडे येणारे लोक असंच बोलतात. त्या संध्याकाळी आईनं शिरा केला.

दोन वर्षं अशी छान गेली. शब्द सापडला की ती मलाच परीक्षेत पास केल्यासारखी हसायची.

मग एका सकाळी मुलांसाठी चित्रकोश काढणाऱ्या एका गृहस्थांचा कॉल होता. जुन्या घरगुती वस्तूंची नावं ते एकेक करून विचारत होते. ताक घुसळायच्या लाकडी वस्तूशी मी थांबले आणि आईकडे पाहिलं. आईनं पेन कागदावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग पेन खाली ठेवून तिनं दोन्ही हात पुढे धरले आणि दोरी ओढावी तसे मागेपुढे करायला लागली. हातांना सगळं येत होतं. शब्द येत नव्हता.

"ते गं, ताक करतात ते," ती मोठ्यानं म्हणाली.

गृहस्थांनी विचारलं, तिथे कोणी आहे का? मी म्हणाले, नाही, बाहेर कोणीतरी बोलतंय. आणि त्यांना दिसणार नाही असा लॅपटॉपच्या आडून आईला हात केला, आत जा म्हणून. ती कागद गोळा करून उठली.

ते काम मिळालं नाही. कॉल संपल्यावर मी आत जाऊन तिला बोलले. "आठवत नव्हतं तर गप्प बसायचं ना, आई. मला खोटं बोलावं लागलं."

"ओठांवर होता गं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "चुकलं माझं."

पुढे ती किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायला लागली, एकाच वाराचा उपास आठवड्यात दोनदा धरायला लागली, तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला चित्रं दाखवली. घड्याळ, कंगवा, कुलूप. कंगवा पाहून तिनं केसांवरून हात फिरवला. हे कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, तीन-चार महिने झाले असतील. परतताना मेट्रोत मला तो कॉल आठवला. त्याला दहा महिने झाले होते.

नंतर तिचं हिंदी गेलं. चाळीस वर्षं दिल्लीत बोललेली भाषा, पार पुसून गेली. सांभाळायला ठेवलेल्या दीदीला मराठी येत नव्हतं, त्यामुळे दोघींच्या मध्ये मी दुभाषी. पण कॉल असला की आई साडी बदलायला लावायची आणि येऊन बसायची. मी कधी नको म्हणाले नाही. कागदावर ती वरती 'श्री' लिहायची आणि बाकी पान कोरंच राहायचं. मी अडले की समोरच्याला सरळ सांगायला लागले, हा शब्द बघून कळवते. सगळे म्हणायचे, हो हो, सावकाश. त्या सकाळीही मला एवढंच म्हणता आलं असतं.

गेल्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला. आठ दिवस रुग्णालयात होती. शेवटचे दोन दिवस ती माझ्याकडे नुसती बघत होती. मी तिच्याशी मराठीत बोलत राहिले, येत होते तेवढे सगळे शब्द वापरून.

ती गेल्यावर महिन्याभरानं मी पहिला कॉल घेतला. नागपूरचे एक वयस्कर गृहस्थ होते, मोकळे. दिल्लीत वाढून इतकं चांगलं मराठी कसं, असं त्यांनी विचारलं. आईमुळे, मी म्हणाले.

"वा. आईंना माझा नमस्कार सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

काम मिळालं. शेतकऱ्यांसाठी पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका होती. तीन आठवड्यांत करून दिली.