रुंद पडद्यावरचा लांब चिकू

माझी नजर उत्तम आहे. हे मत माझ्याशिवाय कोणाचंही नाही, पण मी तलासरीच्या एका शाळेत बावीस वर्षं चित्रकला शिकवतोय, तेव्हा नजरेबद्दल बोलायचा अधिकार माझाच, असं मी धरून चाललो होतो. फळ्यावर मी एका फटक्यात वर्तुळ काढतो. (वर्गातली वारली मुलं त्याहून चांगलं काढतात, पण तो विषय वेगळा.) डहाणूच्या आमच्या घरात मी काढलेली समुद्राची सतरा चित्रं आहेत आणि त्यातलं एकही आजवर विकलं गेलेलं नाही. आहेर म्हणून मी चित्र घेऊन आलेला दिसलो, की यजमान दारातच सांगतात, आमच्या भिंतींना ओल आहे हो.

गेल्या वर्षी आमचा जुना चौकोनी मॉनिटर बंद पडला आणि मी नवा आणला. सपाट आणि चांगला रुंद. सुरू केला तर अक्षरं मुंग्यांएवढी! माझी बायको सुनंदा मागून म्हणाली, अहो, चष्मा करा आता. मी तिला समजावलं, की दोष डोळ्यांचा नाही, मॉनिटरचा आहे, आणि सेटिंगमध्ये शिरलो. तिथे रेझोल्यूशनच्या नावाखाली आकड्यांच्या जोड्यांची भलीमोठी यादी होती. सगळ्यात वरच्या जोडीपुढे 'शिफारस केलेले' असं लिहिलं होतं. शिफारस केलेली एकही गोष्ट मला आजवर मानवलेली नाही (शाळेतली निवडणुकीची ड्यूटीही शिफारशीनेच मिळते), म्हणून मी यादीत खाली उतरत गेलो. तळाला जुन्या चौकोनी मॉनिटरचा ओळखीचा आकडा भेटला. त्यावर टिचकी मारली आणि अक्षरं एकदम टपोरी झाली. कडा थोड्या पुसट होत्या आणि प्रत्येक अक्षर जरा आडवं सुटल्यासारखं वाटत होतं, पण वाचता येत होतं. वर्षभर मी त्यावर सुखाने प्रश्नपत्रिका टाइप केल्या.

आता सुनंदाबद्दल. ती चिंचणीची. तिचं लहानपण माहेरी बोंबील वाळवण्यात गेलं आणि सासरी आल्यावर तिने तीच विद्या चिकूला लावली. घोलवडच्या बागेतून चिकू आणायचे, फोडी करायच्या, जाळीवर वाळवून चिप्स करायचे. सहा महिने खपून तिने माल तयार केला आणि बोर्डीच्या किनाऱ्यावर बचतगटांचं दोन दिवसांचं प्रदर्शन होतं, त्यात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा स्टॉल घेतला. माझ्याकडे तिने एकच गोष्ट मागितली. पाकिटावर चिकटवायचं लेबल.

"चिकूचं चित्र काढा आणि बाजूला माझा फोटो लावा," ती म्हणाली. "आईला चिंचणीच्या बाजारात सगळे तोंडावरून ओळखतात. मला पण ओळखू देत."

हे ती अशा आवाजात म्हणाली, की मला खरोखर भरून आलं. ठरवलं, बायकोसाठी काहीतरी अस्सल करायचं.

मी मॉनिटरसमोर एक खराखुरा चिकू ठेवला आणि चित्र काढायला बसलो. आधी सवयीने कॉम्प्युटरला एक वर्तुळ काढायला लावलं. त्याने ते थालीपीठ दाबल्यासारखं चपटं काढलं. मी हसलो. यंत्राला कसलं आलंय वर्तुळ, त्याला हात लागतो, नजर लागते! मग मी माझ्या हाताने, माझ्या नजरेने, कडा आत आत घेत अगदी समोरच्या चिकूसारखा चिकू काढला. पडद्यावरचा कोणता आणि टेबलावरचा कोणता हे कळू नये, इतका हुबेहूब.

मग फोटो लावला. सुनंदाने तो पाहिला आणि नवऱ्याला अजिबात सोयीचा नसलेला प्रश्न विचारला.

"मी एवढी आहे?"

मी सांगितलं, कॅमेऱ्यात माणूस जरा भरलेलंच दिसतं. ती म्हणाली, करा बारीक. मी फोटो दोन्ही बाजूंनी थोडा दाबला. अजून, ती म्हणाली. अजून दाबला. शेवटी ती मान तिरकी करून म्हणाली, आता मी माझ्यासारखी दिसते. आणि खरंच, पडद्यावर ती अगदी सुनंदासारखी दिसत होती.

फाइल डहाणूच्या रमणिकभाईंच्या प्रेसला पाठवली. तासाभरात त्यांचा फोन आला. "सर, चिकू जरा लांबडा नाय लागत? आणि भाभी पण..." मी त्यांना तिथेच थांबवलं. म्हटलं, रमणिकभाई, तुम्ही छपाईतले, मी चित्रकलेतला. एक रेषा हलवायची नाही. बरं सर, एवढंच ते म्हणाले. गुजराती माणूस 'बरं' म्हणून गप्प बसला, की काहीतरी चुकलंय हे डहाणूत राहणाऱ्याला कळायला हवं होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी मी लेबलांचा बांधलेला गठ्ठा प्रेसमधून उचलला आणि तसाच बोर्डीला नेला. स्टॉलवर गटातल्या बायका पाकिटं मांडून लेबलांची वाटच पाहत होत्या. सुनंदाने स्वतःच्या हाताने गठ्ठा सोडला.

लेबलावर एक तोंडलं होतं. त्याच्या शेजारी, महिनाभर अन्न न मिळालेली, उभ्या चेहऱ्याची एक बाई होती.

लोक यायला लागले होते, दुसरी लेबलं नव्हती, त्यामुळे सुनंदाने पहिलं लेबल पाकिटावर चिकटवलं, मग दुसरं. सहा महिन्यांची मेहनत तिची आणि त्यावर शिक्का माझ्या नजरेचा! मी रेतीत पाय रुतवून उभा राहिलो.

तेवढ्यात लेकीचा स्टॉल बघायला चिंचणीहून सासूबाई आल्या. त्यांनी पाकीट उचललं, लांब धरलं, जवळ धरलं. समोर सुनंदा चांगली धडधाकट उभी होती, पण सासूबाईंचा विश्वास छापलेल्यावर जास्त.

"जावई," त्या हळूच म्हणाल्या, "पोर सुकली माझी. कदी आजारी होती? मला कोणी सांगलं पण नाय." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

त्यांना समजावण्यात माझी पंधरा मिनिटं गेली. एक मुंबईची बाई विचारून गेली, तोंडल्याचे चिप्स गोड कसे? मग घोलवडचे एक नर्सरीवाले काका आले. त्यांचा सगळा जन्म चिकूच्या कलमांत गेलेला. त्यांनी लेबल बराच वेळ न्याहाळलं आणि गंभीरपणे विचारलं, "ताई, ही लांबट जात कुठली? कलम मिळेल?"

मी तोंड उघडणार, त्याआधी सुनंदा बोलली. "कलम अजून विकायला काढलेलं नाही, काका. चिप्स आहेत."

काकांनी चार पाकिटं घेतली आणि जाऊन दोघा बागायतदारांना सांगितलं. त्या दोघांनी आणखी कोणाला सांगितलं. दुपारपर्यंत लांब चिकू बघायला रांग लागली आणि दोन दिवसांचा माल पहिल्याच दिवशी संपला. सुनंदा सगळ्यांशी हसून बोलत होती. फक्त माझ्याशी नाही.

सोमवारी मी प्रेसमध्ये जाऊन भांडलो. तुमच्या मशीनने माझं चित्र ओढलं, असं ठणकावून सांगितलं. रमणिकभाईंनी मला शांतपणे त्यांच्या मॉनिटरसमोर बसवलं आणि कॉम्प्युटरला एक वर्तुळ काढायला लावलं. ते गोल होतं.

"सर, हेच तुमच्या घरी कसं दिसते?"

"चपटं," मी म्हणालो.

त्यांनी मग समजावलं, की सपाट मॉनिटरला त्याचा ठरलेला एकच आकडा मानवतो. रुंद पडद्याला चौकोनी आकडा दिला, की तो प्रत्येक गोष्ट आडवी ताणून जागा भरतो आणि वरून पुसटही करतो. त्या ताणलेल्या पडद्यावर बरोबर दिसावं म्हणून मी जे जे दाबलं, ते कागदावर लांबडं उतरलं. म्हणजे वर्षभर माझ्या घरात कॉम्प्युटरचं वर्तुळ बरोबर होतं आणि माझी नजर चूक. त्याच संध्याकाळी मी चष्म्याचा नंबर काढला. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस गाडी कशी चालवलीत?

चष्मा आला, रेझोल्यूशन शिफारशीवर गेलं आणि सुनंदा बोलायला लागली. पहिलं वाक्य होतं, चिकू पावडरीसाठी नवं लेबल हवंय, फांदीला लटकलेले तीन चिकू. मी चष्मा लावून, स्वच्छ पडद्यावर, जीव ओतून तीन सुंदर चिकू काढले. तिने पाहिले आणि मान हलवली.

"हे नकोत. लोक लांब चिकूवाली म्हणून शोधत येतात. फोटो माझा खरा लावा, पण चिकू तुमच्या पद्धतीचे काढा."

मी तीनदा प्रयत्न केला. जाणूनबुजून चुकीचं काढायला गेलो, की ते काही जमेना. अखेर चष्मा उतरवला, रेझोल्यूशन तळाला नेलं, टेबलावर चिकू ठेवला आणि हुबेहूब काढला. ते लेबल आता घोलवडपासून चिंचणीपर्यंत विकलं जातं. बावीस वर्षांत माझं एवढं एकच चित्र खपलं, आणि तेही काढताना मला काही दिसत नव्हतं!