पिंपातलं गाजरगवत

रविवार, १५ जुलै १९७३. रक्कम साडेसात रुपये. हजर तिघं: मी, आमची शेजारीण आणि सुरतेच्या बाजारातला बियाणेवाला. वांग्याचं बी खोटं निघालं म्हणून मी त्याला भर दुकानात वाटेल ते बोललो आणि शेजारणीचे पैसे परत घेऊन दिले. तो एकच वाक्य म्हणत राहिला, "साहेब, बी ताजुं छे."

शेजारीण खानदेशातली, नवरा उधन्याच्या मिलमध्ये. दर पावसाळ्यात ती घरामागच्या पट्टीत वांग्याची रोपं करून विकायची. पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघायचा. त्या वर्षी वाफ्यात उगवलं ते विरळ, आणि उगवलेलंही बोटभर न होता पिवळं पडलं. उपटून पाहिलं तर मूळ करपलेल्या दोऱ्यासारखं.

त्या वाफ्याला खत घालत होतो मी. फुकटचं. आवारात माजलेलं गाजरगवत पिंपात कुजवायचं आणि त्याचं पाणी पेरणीपासून एक दिवसाआड बादलीभर ओतायचं. ते पिंप आठवलं की आजही जेवण नकोसं होतं. वर काळपट साय, सायीत वळवळणाऱ्या अळ्या, झाकण काढलं की मेलेल्या घुशीसारखा भपकारा. हात कोपरापर्यंत खाजून लाल व्हायचे. साबणाने तीनदा धुतले तरी भाताच्या घासाला तोच वास. तरीही मी थांबलो नाही, कारण खताच्या गोणीचे पैसे वाचत होते.

"भाऊ, हाई पानी भलतंच वास मारस," ती म्हणायची.

"वहिनी, वास येतो तेच खरं खत," मी तिला शिकवायचो.

बियाणेवाल्याविरुद्ध मला लेखी तक्रारही करायची होती. पुरावा हवा म्हणून पुडीत उरलेलं बी बशीत ओल्या टिपकागदावर मांडायला घेतलं. ती दारातून म्हणाली, "एक बशीमा तुमनं सरबतबी टाका ना, भाऊ!"

चिडून एका बशीत पिंपाचं पाणी टाकलं. दोन बश्या, प्रत्येकीत वीस बिया. नवव्या दिवशी नळाच्या पाण्यातल्या सतरा उगवल्या होत्या. पिंपाच्या पाण्यातल्या तीन, आणि त्यांचीही मुळं टोकाला तपकिरी. गवतातलं काहीतरी पाण्यात उतरून कोवळी मुळं जाळत होतं.

मी बश्या तिला नेऊन दाखवल्या. ती हसली नाही. "बी चांगलं व्हतं," एवढंच म्हणाली. दुकानातला माझा चढलेला आवाज मला आठवला आणि पिंपापेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर बाजारात गेलो. गिऱ्हाइकांसमोर चूक कबूल केली आणि बियाणेवाल्याला खिशातले साडेसात रुपये दिले. त्याने ते गल्ल्यात टाकले, माझ्याकडे पाहिलंही नाही. शेजारणीची सहाशे रोपं गेली होती. पाच पैशांना एक, म्हणजे तीस रुपये. मी तीस पुढे केले. दुकानातून परत आलेले साडेसात तिच्याकडेच होते. ते वजा करून तिने साडेबावीस घेतले.