साडेतीन तोळ्यांचा हॅमस्टर

केज गावातल्या आमच्या घरी मुलीने हॅमस्टर पाळला. जन्मभर बैल सांभाळलेल्या माझ्या सासऱ्यांना तो उंदीरच वाटायचा. पण तो सारखा खाजवतोय आणि त्याच्या कानामागचे केस गेलेत, हे आधी त्यांनाच दिसलं. ते म्हणाले, "सूनबाई, याला किडे झालेत. दवाखान्यात न्या."

जनावरांच्या दवाखान्यात मी दोन म्हशींच्या मागे त्याचा डबा घेऊन उभी राहिले. डॉक्टरांनी पांढऱ्या कागदावर त्याचे केस विंचरले. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालायला लागले.

"औषध वजनावर द्यावं लागतंय," डॉक्टर म्हणाले, "आन् आमचा काटा शेळीच्या खालचं दाखवत न्हाई."

म्हणून मी ओळखीच्या सराफाकडे गेले. त्याने हॅमस्टरला वाटीत बसवून तोललं आणि सवयीने मोठ्यांदा सांगितलं, "साडेतीन तोळे."

दुकानात माझ्या थोरल्या जाऊबाई जोडवी बघत बसल्या होत्या. त्या वळल्या. "लई झालं की गं. कवा केलंस? आमाला सांगितलं कावून न्हाईस?"

मी वाटी पुढे केली. हॅमस्टरने त्यांच्याकडे बघून कान खाजवला. जाऊबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मानेवर टाकायच्या थेंबांनी तो महिन्याभरात बरा झाला. किडे त्याच्या पिंजऱ्यात अंथरायला लाकडाच्या वखारीतून आणलेल्या भुशातून आले असावेत, असं डॉक्टरांचं म्हणणं. त्यामुळे आता नवा भुसा आधी दोन दिवस फ्रीजरमध्ये राहतो, आणि कुल्फीला जागा उरत नाही म्हणून सासरे कुरकुरतात.