दादासाहेबांची गाडी आणि माझं पोतं

जुनी गाडी खोलून पुन्हा जोडली की एक-दोन नट उरतातच. ते कुठले, हे कोणाला सांगता येत नाही आणि गाडी त्यांच्याशिवायही चालते. आम्ही ते एका डब्यात टाकायचो. किस्सेही तसेच साठतात. सत्तरच्या दशकात वाशीमला गफूर मिस्त्रींच्या गॅरेजात मी सात वर्षं काढली. माझ्या डब्यातले निम्मे किस्से इंझोरीच्या दादासाहेबांचे!

दादासाहेब मोठे जमीनदार. नागपूरला जाऊन त्यांनी कुण्या बॅरिस्टरची जुनी, काळी, चार सीटची विलायती गाडी घेतली. मिस्त्रींनी विचारलं, "इंजिन पाह्यलं का?"

"इंजिन तं सगळ्याच गाड्याले असते! मी आत बसून पाह्यलं. फेटा छताले लागत नाही!"

बैल घेताना हा माणूस दात मोजायचा, खूर तपासायचा. गाडी मात्र फेट्याच्या मापाने घेतली! ती ट्रकवर चढून वाशीमला आली, तरी त्यांना शंका आली नाही.

*

"चारच सीटा काहून घेतल्या?" असं गावात कोणीतरी विचारलं.

"जास्त सीटा असल्या का गावातले रिकामटेकडे येऊन बसतात!"

महिनाभरात गाडी दिसली की रिकामटेकडे घरात पळायला लागले. धक्का द्यायला बोलावतील म्हणून!

*

गाडी रोज पुसली जायची, पण दादासाहेब स्वतः बॉनेट उघडायचे वर्षातून एकदा, पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. दादासाहेबांनी गाडीचेही मळले. गाडीचा खांदा कुठे असतो ते कळेना, म्हणून फॅनबेल्टच चोळला! पट्टा घसरला, रेडिएटर उकळलं आणि मला बोलावणं आलं.

"दादासाहेब, हे काय केलं?"

"दिवसभर फिरून राह्यला बिचारा. थकत असंन ना!"

त्यांच्या गड्यांचे खांदे कधी थकायचे नाहीत. मी रॉकेलने पट्टा पुसत बसलो.

*

आता माझं. आम्ही बौद्ध. मी गाडीखाली तासन्‌तास उताणा पडलेलो त्यांना चालायचं. ट्रायल घ्यायला निघालो की मात्र डिकीतून पोतं यायचं आणि ड्रायव्हरच्या सीटवर अंथरलं जायचं.

"सीटले ग्रीस लागते, वसंता."

एकदा मी मुद्दाम आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गेलो. तरी पोतं आलंच. गफूर मिस्त्री तेलाने काळेकुट्ट होऊन बसायचे, तेव्हा पोतं डिकीतच असायचं. मला फार राग यायचा. ते पोतं एकदा त्यांच्याच हातात द्यायचं, एवढं मी मनाशी धरलं होतं.

*

मग त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, धनजला.

"नवरदेव आपल्याच गाडीत जाईन! नाहीतं मिशी काढून टाकीन!"

एव्हाना ती गाडी फक्त माझ्याच हाताने चालायची, म्हणून स्टीअरिंगवर मी. लग्नासाठी नवा पांढराशुभ्र शर्ट शिवला होता. सीटवर तरीही पोतं! शेजारी दादासाहेब, मागे नवरदेव आणि करवली. बाकी वऱ्हाड ट्रकमधून, बरंच मागे.

धनजच्या शिवेवर बँड दिसायला लागला आणि गाडी बंद पडली. नवरदेवाला बाशिंग बांधलेलं, पूजेआधी खाली पाय ठेवायचा नाही. करवलीच्या हातात कलश. मला स्टीअरिंग सोडता येईना.

"दादासाहेब, धक्का!"

त्यांनी कोट काढला, फेटा सीटवर ठेवला आणि मागे गेले. क्लच सोडला असता तर इंजिन पाचव्या पावलाला सुरू झालं असतं. मी सोडला नाही; त्यांना थेट शिवेपर्यंत लोटू दिलं.

शिवेवर नवरीचा मामा हार घेऊन उभा होता. त्याने दादासाहेबांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी उतरताच त्याने हार माझ्या गळ्यात घातला आणि कडकडून मिठी मारली. "या व्याहीबुवा, या!"

मागून दादासाहेब आले. अंगभर धूळ, उघडं डोकं, धाप लागलेली. मामाने त्यांच्याकडे पाहिलं, ड्रायव्हरच्या सीटवरचं पोतं ओढलं, झटकलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"घे बाप्पा, घाम पूस. अन् गाडी बाजूले लोट, व्याही उभे आहेत!"